शिबिराची तारीख ठरवण्याआधी

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप मी दोनदा वाचला. फोनवर बोलले असते, पण तुझ्याकडे रेंज टिकत नाही आणि मला जे सांगायचे आहे ते तुकड्यातुकड्यांनी सांगण्यासारखे नाही, म्हणून लिहायला बसले. धडगाव तालुक्यातल्या तुझ्या आरोग्य केंद्रात रुजू होऊन तुला तीन महिने झाले, ओपीडीत दिवसाला पंधरा-वीस माणसे येतात, वरच्या पाड्यांवरून जवळजवळ कोणीच उतरत नाही, आणि म्हणून शहरातल्या एका संस्थेचे तज्ज्ञ बोलावून डिसेंबरमध्ये सर्वरोग निदान शिबिर घ्यावे असे तुझ्या मनात आहे. तुझी तळमळ मला कळते. पण तारीख पक्की करण्याआधी एक विचार, डिसेंबरमध्ये पाड्यावर असते कोण? दिवाळी आटोपली की निम्मी घरे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मागे म्हातारी माणसे आणि गुरे उरतात. ही गोष्ट तुझ्या कोणत्याही आशाताईने तुला एका वाक्यात सांगितली असती. तिला कोणी विचारलेच नाही, एवढेच.

मी आरोग्य सेविका म्हणून लागले, त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे आले, तेव्हा भाग दुष्काळात होरपळत होता आणि लोकांनी त्यांच्याकडे औषध नव्हे, पाणी आणि अन्न मागितले. त्यांनी आधी तेच काम हाती घेतले. गावोगावी परिचारिका नेमून पाहिल्या, ते मात्र साधले नाही, कारण बाहेरून आलेल्या तरुण मुलीजवळ गावातल्या बाया मन मोकळे करीत नव्हत्या. मग गावांनीच आपल्यातल्या बाया निवडून दिल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी दलित, कित्येक निरक्षर. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, आणि शिकलेले गावात नेऊन सांगत. मी स्वतः नेमणुकीचा कागद हातात असलेली सरकारी नर्स होते, त्यामुळे ‘परिचारिकेने जमले नाही’ हे ऐकताना मला बरे वाटले नव्हते. ते पटायला मला बरीच वर्षे लागली.

गडचिरोलीचेही तू ऐकले आहेसच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंड माणसांना विचारले की दवाखान्यात का येत नाही, तेव्हा पांढऱ्या भिंतींची, पांढऱ्या कपड्यांची आणि रुग्णाला नातेवाइकांपासून वेगळे ठेवण्याची भीती वाटते, असे उत्तर आले. म्हणून त्यांच्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना गावासारखा, झोपड्यांचा बांधला गेला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि त्याला तिथल्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे, नाव दिले गेले. हे उत्तर मिळवायला पैसा लागला नव्हता, पण ऐकून घेतल्यावर आराखडा बदलण्याची तयारी मात्र लागली.

आता माझे सांगते. महाराष्ट्रात २००७ साली आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला नंदुरबार होता. गावच्या समितीने उपकेंद्राला गुण द्यायचे, हिरवा, पिवळा, लाल असे रंग फलकावर भरायचे आणि नंतर जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलायचे, अशी ती पद्धत. तू तेव्हा तिसरीत होतीस. एका जनसुनवाईत, मांडवात दोन-अडीचशे माणसे बसलेली असताना, वरच्या पाड्यावरची एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, “मी पोटातले पोर घेऊन तीन वेळा खाली आले, तिन्ही वेळा कुलूप होते.” ते कुलूप माझ्या उपकेंद्राचे होते. मी मान वर केली नाही. त्या रात्री मी जेवले नाही हे कदाचित तुला आठवत असेल. तू विचारलेस आणि मी पोट दुखते म्हणाले.

पण सुनावणी तिथे संपली नव्हती. त्याच बाईच्या शेजारचा एक म्हातारा उठला आणि त्याने विचारले की सिस्टर एकटी तीन हजार माणसांना पुरी पडणार कशी, लस आणायलाही तीच जाते, बैठकीलाही तीच जाते, मग कुलूप उघडणार कोण? दोन महिन्यांत लस पोचवण्याची वेगळी सोय झाली. ही मागणी मी चार वर्षे अर्जांतून करीत होते. ती मान्य झाली लोकांनी मांडवात उभे राहून केल्यावर. ज्या बाईने मला खाली पाहायला लावले, ती पुढे लसीकरणाच्या दिवशी माझ्या शेजारी बसू लागली, पावरी बोलीत बायांना समजावून सांगू लागली, आणि मी कोणत्या दिवशी नसेन हे तिच्याकडून आदल्या बाजारीच सगळ्या पाड्यांना कळू लागले. कुलूप पुढेही कधीकधी असायचे, पण तीन वेळा कोणी उगाच डोंगर उतरले नाही.

म्हणून तुला सांगते, संस्थेला नाही म्हणू नकोस, पण तिच्याकडून काय हवे ते ठरवण्याआधी गावाला विचार. तुझ्या हाताशी साधने आहेत. प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे आणि तिच्यासाठी वर्षाला दहा हजार रुपयांच्या अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या, निधीची तरतूद आहे. तुझ्या केंद्राची रुग्ण कल्याण समिती आहे. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांना मिळणारा पाच टक्के अबंध निधी ग्रामसभा आरोग्यावरही खर्च करू शकते. या समित्यांच्या बैठका फक्त सह्यांपुरत्या होत असतील, तर त्या पाड्यावर, संध्याकाळी, माणसे रानातून परतल्यावर घे. बडव्यालाही, म्हणजे झाडपाला देणाऱ्या भगतालाही, बोलाव. त्याच्याकडे माणसे आधी जातात आणि जातच राहतील; सहा महिन्यांचे बाळ मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर झाडपाल्यासाठी थांबू नये, लगेच खाली पाठवावे, एवढे जरी त्याने मानले तरी तुझी एक संपूर्ण लढाई कमी होईल. त्याचा अपमान होईल असे एक वाक्यही बोलू नकोस.

शिबिरापेक्षा मला ऊसतोडीचा प्रश्न मोठा वाटतो. कार्तिकात जन्मलेले बाळ पडावावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुक्कामावर, जाते आणि त्याचे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस सगळे तिकडेच यायला हवेत. मी एकदा उन्हाळ्यात परतलेल्या एका घरी गेले, तर माता बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून कुडाच्या भिंतीत खोचलेले होते, जाताना खोचले तसेच. आईने ते हरवू नये म्हणून घरी ठेवले होते. काळजी तिने घेतली होतीच. कार्ड सोबत न्यायचे असते, तिकडच्या सरकारी दवाखान्यातही तीच लस मिळते, हे तिला आमच्यापैकी कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर मी दिवाळीआधी मुकादमांना भेटू लागले. माणसे कोणत्या गावच्या पडावावर उतरणार हे त्यांना महिनाभर आधी ठाऊक असते, आणि उचल देताना प्रत्येक जोडप्याशी त्यांचे बोलणे होतेच. दोन मुकादम तयार झाले, बाकीचे नाही. त्या दोघांच्या टोळ्यांतली बहुतेक मुले डोस घेऊन परतली.

तुझ्या संस्थेच्या मंडळींना विचारून बघ, की तज्ज्ञ एक दिवस आणण्याऐवजी त्यांचा एखादा कार्यकर्ता ऊस संपेपर्यंत त्या पडावांवर फिरेल का. आणि शिबिर घ्यायचेच असेल तर होळीच्या सुमारास घे, कारण होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला माणसे लांबून परत येतात. मात्र बाजाराचा दिवस टाळ, तो त्यांचा आहे.

मी पुढच्या शनिवारच्या गाडीने येते. येताना माझी जुनी निळी वही आणते. तीत मुकादमांची नावे, त्यांचे पाडे आणि ते सुरत-बारडोलीकडे ज्या गावांना उतरत ती गावे लिहिलेली आहेत. निम्मे फोन बंद असतील, पण तुझ्या आशाताईंना घेऊन बसलो तर कोणाचा मुलगा आता टोळी नेतो हे त्या सांगतील. त्यांना तेवढे कळवून ठेव.

तुझी,
आई