भिंगाखालचे हर्बर्ट मॅटर : अण्णांना आभारपत्र

आदरणीय अण्णा,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसमोर हर्बर्ट मॅटर या संकल्पनकार-छायाचित्रकाराच्या कारकिर्दीवर मी जी व्याख्याने दिली, त्यांतला विद्यार्थ्यांनी सर्वाधिक उचलून धरलेला भाग तुमचा होता. वर्गात मी तुमचे ऋण मान्य केले आहेच. तरी ते चारचौघांत आणि लेखी नोंदवावे, असे वाटले. लक्ष्मीपुरीतल्या छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यापुढे आणि लाइट टेबलावर उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर एखाद्या मास्तराच्या शंकांसाठी आपल्या दुपारी द्याव्यात, असा काही नियम नाही. तुम्ही त्या दिल्यात, त्याही चहाचे पैसे मला एकदाही देऊ न देता.

मॅटर यांचे चरित्र शोधले तर सापडते. १९०७ साली स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्ग या डोंगरी गावी त्यांचा जन्म झाला. जिनिव्हात चित्रकला शिकून ते पॅरिसला गेले, तिथे फेर्नां लेजे आणि आमेदे ओझांफां या चित्रकारांकडे त्यांनी अभ्यास केला, आणि डबेर्नी ए पेन्यो या टाइप फाउंड्रीत, म्हणजे छपाईची अक्षरे ओतणाऱ्या कारखान्यात, काम करताना कासांद्र यांच्यासारख्या पोस्टरकाराचा सहवासही त्यांना लाभला. १९३२ मध्ये कागदपत्रे नीट नसल्याच्या कारणावरून फ्रान्सने त्यांना देशाबाहेर काढले. ते झुरिकला परतले आणि पुढच्या चार वर्षांत स्विस पर्यटन कार्यालयासाठी त्यांनी जी पोस्टरे केली, ती आजही अभ्यासक्रमांतून दाखवली जातात. एवढे सांगून झाले की बहुतेक लेखक ‘फोटोमोंताज’ (छायाचित्रे कापून-जोडून केलेले चित्र) हा शब्द वापरून पुढे निघतात. मला मात्र विद्यार्थ्यांना सांगायचे होते की संगणक नसताना ही कामे हातांनी कशी झाली असतील, आणि ते सांगू शकेल असा माणूस गावात शोधताना मी तुमच्यापर्यंत पोहोचलो.

१९३५ चे रस्त्याचे पोस्टर मी तुमच्यापुढे ठेवले, ती दुपार मला विशेष मोलाची वाटते. कॅमेरा जवळजवळ जमिनीवर टेकवून घेतलेला फरसबंदीचा रस्ता समोर, त्यामागे वळणे घेत चढणारा घाट, आणि त्याच्याही मागे उभी डोंगररांग. मी रचनेविषयी, कर्णरेषांविषयी बोलू लागलो तेव्हा तुम्ही मला थांबवले आणि म्हणालात, “ते ऱ्हाऊ दे. उजेड कुठनं आलाय ते बघा आधी.” वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेली छायाचित्रे एका कागदावर आणायची तर कातर चालवण्याआधी त्यांचा उजेड जुळवावा लागतो, मग काळ्याची घनता, मग दाण्याचा, म्हणजे छायाचित्रातल्या बारीक कणांचा, जाडपणा. कडा कुठे धारदार ठेवायची आणि कुठे विरू द्यायची, याचा निर्णय त्यानंतरचा. या क्रमाने तुम्ही ते पोस्टर उलगडत नेलेत, आणि ज्याला मी शैली म्हणत होतो तिच्यातला बराचसा भाग अंधारखोलीतल्या निवडीचा आहे, हे माझ्यापुढे मांडलेत. मॅटर स्वतःची छायाचित्रे स्वतः घेत आणि स्वतःच मोठी करत. त्यामुळे कोणत्या निगेटिव्हला किती ताणता येईल हे त्यांना पोस्टर रेखाटतानाच ठाऊक असणार, हा तुमचा तर्क मला कोणत्याही समीक्षेपेक्षा अधिक पटला.

त्या पोस्टरातल्या रंगाविषयीही तुम्ही असेच नेमके बोललात. मुळातली छायाचित्रे कृष्णधवल, आणि रंग त्यांवर वेगळा चढवलेला. म्हणजे चित्राचा सांगाडा काळ्यात उभा राहतो आणि रंग केवळ हवे तिथे लक्ष वेधतो. आणि ती पोस्टरे ज्या पद्धतीने छापली त्या ग्रॅव्ह्युअर छपाईचे तुमचे निरूपण तर मी शब्दशः वर्गात सांगितले. ऑफसेटमध्ये शाईचा थर सगळीकडे सारखा असतो, गडद-फिके दिसते ते ठिपक्यांच्या लहानमोठ्या आकारामुळे. ग्रॅव्ह्युअरमध्ये तांब्याच्या रुळावरच्या बारीक खळग्यांत शाई भरते, पाते वरची शाई पुसून नेते आणि खळगा जितका खोल तितकी शाई कागदावर जास्त उतरते. सुमारे १ मीटर उंचीच्या त्या मूळ पोस्टरांतला काळा म्हणूनच दाट आणि मऊ दिसतो. पुस्तकातली त्याची प्रत ऑफसेटवर छापलेली असते, तेव्हा आपण कोल्हापुरात बसून ज्याची वाखाणणी करतो तो काळा आपण कधी पाहिलेलाच नसतो. रूळ तयार करण्याचा खर्च मोठा, तेव्हा प्रती भरपूर काढायच्या असतील तरच तो परवडतो. तेच चित्र जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी मजकुरासह निघाल्याचे मी सांगितले, तेव्हा अक्षरांसाठी जागा अशी मोकळी का राखली असावी याचे व्यवहारी कारण तुम्ही लगेच दाखवलेत.

पाँत्रेझिना या स्विस डोंगरी गावासाठी मॅटर यांनी केलेल्या पोस्टरावर वर्गात बराच वाद झाला, तो तुम्हाला कळवायला हवा. काळा चष्मा लावलेला, खालून टिपलेला प्रचंड चेहरा आणि त्याच्या शेजारी इवलासा स्कीपटू. एका मुलीने विचारले की आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही एक चेहरा मोठा आणि बाकीचे लहानच असतात, मग फरक काय? मला तिचा प्रश्न फार आवडला. फ्लेक्सवर चेहऱ्याचा आकार मानावर ठरतो. सगळे चेहरे एकाच प्रतलावर, फक्त पायरी वेगळी. मॅटर यांच्याकडे आकार अंतरावर ठरतो: चेहरा मोठा कारण तो आपल्या पुढ्यात आहे, स्कीपटू लहान कारण तो दूरच्या उतारावर आहे, आणि त्या दोघांमधल्या रिकाम्या जागेत पाहणाऱ्याला डोंगराची थंड हवा जाणवते. (आपल्या चौकांतल्या फ्लेक्सविषयी मला आणखीही पुष्कळ म्हणायचे आहे, पण ते या पत्राचे काम नव्हे.)

अमेरिकेचा भाग मी भराभर सांगितला. एका नृत्यपथकासोबत काम करताना मिळालेल्या प्रवासावर १९३६ मध्ये ते तिकडे गेले आणि तिथेच राहिले. ‘हार्पर्स बझार’चे कलादिग्दर्शक अलेक्सी ब्रोडोविच त्यांची पोस्टरे आधीपासून जाणत होते, त्यामुळे मासिकांची दारे उघडली. १९४३ ते १९४६ कॅलिफोर्नियात चार्ल्स आणि रे ईम्स या संकल्पनकार जोडप्याबरोबर काम, १९५० साली अलेक्झांडर काल्डर यांच्या शिल्पांवर चित्रपट आणि त्याला जॉन केज यांचे संगीत, १९५२ ते १९७६ येल विद्यापीठात छायाचित्रणाचे अध्यापन. ही यादी विखुरलेली दिसते खरी.

नोल या फर्निचर कंपनीसाठी १९४६ पासून वीसएक वर्षे केलेले काम मात्र मी थांबून दाखवले, कारण माझ्या मते त्यांची परिपक्वता तिथे आहे. पोस्टरांत जी चमक आहे ती इथे संयमात उतरते. वास्तुकार सारिनेन यांनी नोलसाठी घडवलेल्या, एका पायावर उभ्या खुर्चीची त्यांची जाहिरात तुम्हाला आवडली होती: पहिल्या पानावर तपकिरी कागदात गुंडाळलेली वस्तू, आणि पान उलटले की कागद बाजूला सारून खुर्चीत बसलेली स्त्री. दोन छायाचित्रे आणि मधे पान उलटण्याची कृती, एवढेच. “इथं कात्रीच लागली नाही,” असे तुम्ही म्हणालात, आणि मला वाटते, कारकिर्दीच्या या दोन टोकांमधला फरक इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी मला सांगितला नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये ते एकाच कागदावर छायाचित्रे जोडत होते. इथे तेच जोडकाम वाचणाऱ्याच्या हातात दिले आहे.

अमेरिकेतल्या न्यू हेवन रेल्वेसाठी मॅटर यांनी केलेले १९५४ चे बोधचिन्ह, म्हणजे एन आणि त्याखाली एच, जाड पायांची दोन अक्षरे एकावर एक, विद्यार्थ्यांना सुरुवातीला फारसे रुचले नाही. छायाचित्रकाराचे म्हणून त्यात काही नाही, अशी तक्रार आली. मी त्यांना तांबडा, काळा आणि पांढरा या रंगांत रंगवलेल्या इंजिनांची छायाचित्रे दाखवली, आणि धावत्या गाडीवर दुरून काय वाचता येईल हा विचार छायाचित्रकाराचाच आहे, असे सांगितले. ती रेल्वे कंपनी १९६९ च्या आरंभी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. पुढे कनेक्टिकट राज्याने आपल्या काही इंजिनांवर तेच चिन्ह पुन्हा रंगवले.

शेवटच्या व्याख्यानात मी बाबूराव पेंटरांचा उल्लेख केला, तोही तुमच्याच बोलण्यामुळे. चित्र काढणारा, कॅमेरा घडवणारा आणि चित्रपटाचे पोस्टर रंगवणारा माणूस एकच असू शकतो, हे करवीरकरांना परक्या देशातून शिकावे लागत नाही, असे तुम्ही म्हणाला होता. मॅटर आणि बाबूराव यांच्या कामात थेट नाते नाही, आणि ते ओढूनताणून जोडूही नये. पण यंत्र आणि चित्र हे दोन वेगळे धंदे न मानणाऱ्या माणसाची ओळख विद्यार्थ्यांना गावातल्याच उदाहरणाने झाली, याचा उपयोग झाला.

आता एक विनंती. विद्यार्थ्यांनी करूळ घाटाची छायाचित्रे काढून आणली आहेत, आणि त्यांतून संगणकाशिवाय, ब्रोमाइड प्रिंट, कातर आणि डिंक एवढ्यावर पोस्टर करायचे ठरले आहे. उजेड जुळतो की नाही ते कापण्यापूर्वी तुम्ही पाहावे, अशी सगळ्यांची इच्छा आहे. तुम्हाला सोयीचा वार कळवावा. न्यायला आणि परत सोडायला मी स्वतः येईन.

आपला कृतज्ञ,
उपयोजित कलेचा एक शिक्षक
कोल्हापूर