रूट असूनही ‘परमिशन डिनाइड’, हेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका असं सगळीकडे येतंय, आपल्या पुरवणीतही आलं आणि सल्ला बरोबरच आहे. पण दर वेळी तेच, पेनड्राइव्ह लावा, बूट करा, नेक्स्ट नेक्स्ट दाबा. आमच्या शाळेच्या लॅबमधली काही मशीन पेनड्राइव्हवरून बूटच होत नाहीत आणि सीडी ड्राइव्ह कधीच गेलेत, म्हणून मी त्यातली एक हार्डडिस्क काढून यूएसबी केबलने माझ्या लिनक्स लॅपटॉपला जोडली आणि तिथूनच डीबूटस्ट्रॅपने (चालू लिनक्सवरून दुसऱ्या डिस्कवर डेबियनची बेस सिस्टिम टाकणारी कमांड) डेबियन १२ हे लिनक्स टाकायला घेतलं. हा काही जुगाड नाही, डेबियनच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये ही पद्धत रीतसर दिलेली आहे.

पहिल्या संध्याकाळी बेस सिस्टिम नीट बसली. दुसऱ्या दिवशी डिस्क परत लावली, फाइल मॅनेजरमध्ये आयकॉनवर क्लिक केलं, सीएचरूट करून, म्हणजे त्या डिस्कवरचीच सिस्टिम मूळ धरून, आत गेलो, पॅकेजची यादी ताजी करायला एपीटी अपडेट दिलं आणि /डेव्ह/नल ला (नको असलेलं आउटपुट गिळून टाकणारी डिव्हाइस फाइल) ‘परमिशन डिनाइड’ आलं, वर पॅकेजच्या सह्या तपासता येत नाहीत असंही. मी रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होतो. फाइलची परमिशन बघितली तर ६६६, म्हणजे कुणीही वाचा, कुणीही लिहा, तरी नकार! सह्यांचा मेसेज बघून मी दोन तास त्या सह्या तपासायच्या किल्ल्या (‘की’) शोधण्यात घालवले, आणि दोष तिथे नव्हताच.

दोष माउंटमध्ये, म्हणजे डिस्क सिस्टिमला जोडून उघडण्याच्या पद्धतीत, होता. आयकॉनवर क्लिक करून बाहेरची डिस्क उघडली की सिस्टिम ती सहसा ‘नोडेव्ह’ लावून माउंट करते, म्हणजे त्या डिस्कवरच्या डिव्हाइस फाइलला डिव्हाइस मानायचंच नाही. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कशी माउंट करायची ते लिहिलेली फाइल) ‘युजर’ ऑप्शन टाकला असेल तरी हेच होतं. यात कारण आहे हो, नाहीतर कुणीही आपल्या पेनड्राइव्हवर तुमच्या हार्डडिस्कची डिव्हाइस फाइल ६६६ करून आणेल आणि पूर्ण डिस्क वाचून जाईल. म्हणून तिथे रूटचंही चालत नाही आणि परमिशन बदलणाऱ्या सीएचमॉड ७७७ ने तर काहीच होत नाही.

मी मात्र वैतागून /डेव्ह/नल डिलीट केली. पुढच्या कमांडने त्याच नावाची साधी फाइल बनवली, एरर गेली, मला वाटलं जमलं. ती होती साधी फाइल, टाकलेला सगळा कचरा तिच्यात साठायला लागला आणि जी स्क्रिप्ट तिथून रिकामं इनपुट घ्यायला जाते तिला तो कचरा मिळतो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या एलएस -एल मध्ये पहिलं अक्षर ‘सी’ हवं, तिथे नुसती रेघ दिसली की समजायचं ही डिव्हाइस नाही. शेवटी डिस्क अनमाउंट केली, टर्मिनलमधून सुडो माउंट करून /एमएनटी वर लावली आणि ती साधी फाइल काढून एमकेनॉड या डिव्हाइस फाइल बनवणाऱ्या कमांडने परत बनवली, कॅरेक्टर डिव्हाइस, मेजर १, मायनर ३ (हे नंबर म्हणजे डिव्हाइसची ओळख), परमिशन ६६६. अपडेट लगेच चाललं.

लॅपटॉपचं /डेव्ह (डिव्हाइस फाइलचा फोल्डर) आत बाइंड माउंट करणं, म्हणजे तोच फोल्डर आतही दाखवणं, हाही मार्ग आहे आणि बरेच जण तोच सांगतात. पण मग आतलं /डेव्ह आणि लॅपटॉपचं /डेव्ह एकच असतं, मी वर केलं तसं आत /डेव्ह/नल डिलीट केली असती तर चालत्या लॅपटॉपची गेली असती. काम फसलं म्हणून बाइंड न काढता कुणी /एमएनटी खालचं सगळं आरएम -आरएफ (न विचारता सगळं डिलीट) करायला घेतलं तर विचारूच नका. आधी अनमाउंट, काय कुठे माउंट आहे ते दाखवणारी फाइंडएमएनटी देऊन खात्री, मगच डिलीट.

आपला पेपर तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर शिकवणारी माणसं वाचतात, त्यांच्याकडे अशीच अडलेली मशीन आहेत आणि हे मराठीत समजावून सांगणारं कुणी जवळ नसतं. पुढच्या लिनक्सच्या लेखात एका सिस्टिमवरून दुसऱ्या डिस्कवर इन्स्टॉल कसं करायचं हे द्या, आणि ‘नोडेव्ह’ची चौकट त्यात नक्की टाका. एररचे मेसेज स्क्रीनवर येतात तसेच छापा म्हणजे मुलांना ते ओळखता येतील.

आपला,
एक कॉम्प्युटर शिक्षक, जि. सातारा