निर्यातीचे धोरण आणि स्टोअर्समधले रजिस्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या उद्योग पुरवणीत ‘व्हिजन’ आणि ‘मिशन’वरचे लेख मी नेमाने वाचतो. भोसरीतल्या एका फोर्जिंग (पोलाद तापवून प्रेसखाली घडवणाऱ्या) कारखान्याच्या स्टोअर्समध्ये ३१ वर्षे काढली, म्हणून त्यात काय राहून जाते ते कळवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मालकांनी हॉटेलात बैठक घेऊन जाहीर केले, तीन वर्षांत निर्यात दुप्पट. टाळ्या पडल्या. जेवण झकास होते. महिन्याभराने आयटीतली एक मुलगी स्टोअर्समध्ये आली. पद ‘एंटरप्राइज आर्किटेक्ट’. मला वाटले, शेड वाढवायची असेल. तिने लॅपटॉपवर चौकोन काढले होते. सगळ्यांत वर मालकांचे उद्दिष्ट. त्याखाली मार्ग : परदेशी गाडी कंपन्यांना थेट पुरवठा. त्याखाली त्यासाठी कारखान्याच्या अंगी काय काय हवे, आणि ते आज कशाच्या, कोणाच्या जोरावर चालते.

तक्रार आलेला नग कोणत्या पोलादाचा, हे अशा गिऱ्हाइकाला लगेच सांगावे लागते. “हीट नंबर कुठे सापडतो?” तिने विचारले. हीट नंबर म्हणजे पोलाद भट्टीतल्या ज्या ओतीतून आले, तिचा क्रमांक. मी कपाटातून रजिस्टर काढले. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर मी त्यात हाताने उतरवायचो, कोणता लॉट कधी प्रेसला गेला तेही. ईआरपीत, म्हणजे कारखान्याच्या संगणकावरच्या हिशेबात, वजन होते, दर होता, हीट नंबर नव्हता. तिने तो चौकोन लाल केला आणि खाली लिहिले : रजिस्टर, भाऊ. भाऊ म्हणजे मी. निवृत्तीला १४ महिने उरले होते.

मालक तेव्हा नव्या प्रेससाठी बँकेत खेटे घालत होते. चित्रात प्रेसचा चौकोन हिरवा होता, कारण आहेत त्याच प्रेस दुसऱ्या पाळीत अर्ध्या बसून असत.

ते चित्र आयटीप्रमुखांच्या टेबलापुढे सरकले नाही. खरेदीच्या फायलीवर सही त्यांची नव्हती ना! निवृत्तीनंतर थोडे वाचले तेव्हा या दुखण्याचे मूळ कळले. एंटरप्राइज आर्किटेक्चर ही विद्याच संगणकाच्या खोलीत वाढली. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांच्या १९८७च्या लेखाचा विषय माहिती-प्रणालींची रचना हाच होता. नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या आर्किमेट या चित्रभाषेत उद्दिष्टांचे चौकोन २०१२मध्ये आले आणि क्षमता, साधने, कृतीचा मार्ग यांचे तर थेट २०१६मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. नकाशा आता धोरणाचा झाला, पण अजून राहतो आयटीच्याच कपाटात.

पुरवणीत एखाद्या लहान कारखान्याचा असा नकाशा जरूर छापा. त्यासाठीचे आर्ची नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. नाहीतर जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजूही चालते. फक्त तो मालकांनी स्वतः स्टोअर्समध्ये, डिस्पॅचमध्ये बसून काढावा.

आमच्याकडे प्रेस आली. ती मुलगी नोकरी बदलून हिंजवडीला गेली. गेल्या खंडेनवमीला यंत्रपूजेचे बोलावणे होते, तेव्हा सवयीने स्टोअर्समध्ये डोकावलो. कपाटात तेच रजिस्टर. निम्म्यापर्यंत माझे अक्षर, पुढे नव्या मुलाचे. त्याचा एक आणि सात मला सारखाच दिसला.

आपला,
एक निवृत्त स्टोअर्सकीपर, चिंचवड