कोर्टात मुलाच्या बाजूनं उभं राहणारं एक तरी माणूस हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर मी इथं न्यू जर्सीत रोज ऑनलाइन वाचते. लहान मुलावर अत्याचार झाल्याची बातमी आली की आरोपी कोण, पोलिसांनी काय केलं, मोर्चा कुठं निघाला हे सगळं येतं, पण पुढं ती केस रेंगाळते तेव्हा त्या पोराला तारखेला कोण घेऊन जातं, आज कोर्टात काय होणार हे त्याला कोण समजावून सांगतं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

मी इथं कासाची वॉलंटियर आहे. कासा म्हणजे कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अॅडव्होकेट, नावात अॅडव्होकेट असलं तरी वकील असायची गरज नाही. १९७६ मध्ये सिएटलच्या किंग काउंटी कोर्टात डेव्हिड सूकप नावाचे जज होते, मूल आईबापाकडं ठेवायचं की दुसऱ्या घरी पाठवायचं असे निर्णय त्यांना द्यावे लागायचे आणि समोर माहिती तुटपुंजी असायची, बाकी सगळ्यांची बाजू मांडायला कुणी ना कुणी होतं पण फक्त मुलाचा विचार करून बोलणारं कुणी नव्हतं. मग गावातल्याच साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन हे काम द्यायचं त्यांनी ठरवलं आणि १९७७ मध्ये ते सुरू झालं. आज अमेरिकेच्या जवळपास सगळ्या राज्यांत असे ९००च्या वर कार्यक्रम आहेत.

काम काय असतं ते सांगते, कारण आपल्याकडच्या लोकांना वाटतं की मुलाला घरी आणून सांभाळावं लागतं. तसं अजिबात नाही. आधी तुमची पूर्ण चौकशी होते, साधारण तीस तासांचं ट्रेनिंग होतं, मग जज शपथ देतात आणि एक केस देतात, एकच मूल किंवा एकाच घरची भावंडं. कोर्टाची ऑर्डर हातात असते त्यामुळं शाळा, डॉक्टर, केसवर्कर (मुलाची केस सांभाळणारा सरकारी कर्मचारी), आईवडील, फॉस्टर पालक (मुलाला तात्पुरतं आपल्या घरी सांभाळणारे), सगळ्यांशी बोलता येतं, कागद बघता येतात. महिन्यातून निदान एकदा तरी मुलाला भेटायचंच. आणि हिअरिंगच्या आधी जजला रिपोर्ट द्यायचा, मुलाला काय हवंय आणि आम्हाला त्याच्या हिताचं काय वाटतं, दोन्ही लिहायचं, कारण या दोन गोष्टी दरवेळी सारख्या नसतात. आमच्या राज्यात मुलाला वकील वेगळा मिळतो, पण त्याच्याकडं केसेसचा ढीग असतो आणि केसवर्कर तर बदलत राहतात. केस संपेपर्यंत तेच राहणारं माणूस बऱ्याचदा फक्त वॉलंटियर असतं.

मुलांबद्दल काही सांगायची मला परवानगी नाही आणि ते योग्यच आहे. पण या कामात कुणालाही दिसतं ते सांगते. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना पोराचे कपडे, वह्या, खेळणी, सगळं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून येतं. या हलवाहलवीत चष्मा हरवतो, फॉर्म कुणी भरायचा यावर शाळा केसवर्करकडं बोट दाखवते, केसवर्कर फॉस्टर आईकडं, आणि पोरगं फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागं पडतं आणि त्याच्या फाईलवर अभ्यासात लक्ष नाही असं लिहिलं जातं. अशा वेळी फोन करून करून तो चष्मा मिळवणं आणि फाईलवरचं ते वाक्य खरं नाही हे जजला लिहून कळवणं, काम एवढंच असतं, पण मुलासाठी फार मोठं असतं हो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. इथं आईवडिलांकडून मुलं काढून घेण्यामागं सगळ्यात जास्त कारण मारहाण नसून हेळसांड हे असतं, आणि हेळसांड म्हणून जे लिहिलेलं असतं त्यात कितीदा तरी गरिबीच असते. आई दोन शिफ्ट करते, घरात पसारा आहे, फ्रीज रिकामा आहे, म्हणजे ती आई वाईट असं होत नाही. इथल्या १९९७च्या कायद्यानं मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं तर सरकारला आईवडिलांचे हक्क संपवायचा अर्ज कोर्टात करावा लागतो, काही अपवाद आहेत, पण घड्याळ चालूच असतं. म्हणून वॉलंटियर डोळस हवा. वॉलंटियर बहुतेक गोऱ्या, सुखवस्तू बायका आणि मुलं मोठ्या प्रमाणावर काळ्या नि लॅटिनो घरांतली, ही टीका होते आणि ती मला पटते. आपले लोक यात हवेत असं मला त्यामुळंच वाटतं. इथल्या महाराष्ट्र मंडळांत गणपतीला, नाटकाला राबणारी किती कामाची माणसं आहेत, त्यातल्या थोड्यांनी तरी इकडं यावं.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. तिकडं कासा नाही, पण पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, २०२०च्या नियमांत सपोर्ट पर्सन आहे, तपासापासून खटला संपेपर्यंत मुलासोबत राहणारा, केसमध्ये काय चाललंय ते मुलाला नि पालकांना सांगणारा. बाल कल्याण समिती तो नेमते, आणि त्याला मानधन द्यायचीही तरतूद आहे, कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही. १८ ऑगस्ट २०२३ला सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की सपोर्ट पर्सनची गरज आहे की नाही हे पालकांच्या मर्जीवर सोडू नये. पॉक्सोचा खटला शक्यतो एका वर्षात संपावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात किती लांबतो ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तेवढा काळ मुलाच्या सोबतीला कुणीतरी पाहिजे.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी देताना तुमच्या वार्ताहरानं एक प्रश्न विचारावा, मुलाला सपोर्ट पर्सन मिळाला का, कधी मिळाला. मुलाची ओळख न सांगता हे छापता येतं. आणि ज्यांना बालहक्कांच्या कामाचा अनुभव आहे, निवृत्त शिक्षिका, समाजसेविका, समुपदेशक, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन चौकशी करावी, सपोर्ट पर्सनची यादी तिथंच ठेवलेली असते.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी