ओंकारच्या खोकल्याबद्दल सुमनला पत्र

पुणे,
12 जानेवारी

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

ओंकारच्या खोकल्याबद्दलचं तुझं पत्र वाचून लगेच फोन लावणार होते, पण फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितेय. डॉक्टरांनी छाती तपासून दम्याचा पंप (इन्हेलर) सुरू केला आणि घरात सगळे म्हणायला लागले, 'एवढ्याशा पोराला कसला दमा, पंपाची सवय लागेल.' तुझी घालमेल मला कळते.

सवयीचं आधी सांगते. पंपाची सवय लागत नाही, आणि कुणी काही म्हणालं तरी तो तुमच्या मनाने बंद करू नका. निदान पक्कं झालंय का, हे मात्र तू अगदी रास्त विचारलंस.

तू लिहिलंस ते असं: पहाटे खोकत उठणं, पळाल्यावर किंवा खूप हसल्यावर ढास लागणं, प्रत्येक सर्दी छातीत उतरणं, मधले दिवस ठणठणीत. शिवाय लहानपणीचं इसब आणि भावजींच्या सकाळच्या शिंका. हे सगळं दम्याकडेच बोट दाखवतं. तरीही नुसत्या लक्षणांवर शिक्का मारू नये. युरोपातल्या श्वसनतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये 5 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी हेच सांगितलंय, आणि फुप्फुसांच्या तपासणीत रोज मुलांच्या फुंकरी मोजणाऱ्या मला ते मनापासून पटतं. पुष्कळ आया चोंदलेल्या नाकाच्या आवाजालाही घरघर म्हणतात. दम्याची शिट्टी छातीतून येते, बहुतेक वेळा श्वास सोडताना. पुढच्या वेळी त्याचा शर्ट वर करून मोबाइलवर व्हिडिओ काढ. दवाखान्यात पोचेपर्यंत आवाज थांबलेला असतो, तेव्हा तो व्हिडिओ फार कामाला येतो.

ओंकार सात वर्षांचा आहे, म्हणजे स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची श्वासाची चाचणी, जमेल. पाचाच्या आतल्या मुलांना ती सहसा जमत नाही. तिथे डॉक्टर काही आठवडे औषध देऊन फरक पाहतात. आमच्याकडे मुलाला ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात. समोरच्या पडद्यावर मेणबत्त्या असतात. पोटभर श्वास घ्यायचा, एका दणक्यात सोडायचा आणि 'अजून, अजून, अजून' म्हणत मी थांबवेपर्यंत फुंकत राहायचं. पहिली फुंकर बहुधा वाया जाते, मूल लाजतं. एकमेकींशी जुळणाऱ्या तीन चांगल्या फुंकरी मिळाल्या की झालं. मग स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) सालब्युटामॉलचे, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे, चार पफ द्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं.

यंत्र बघतं ते एवढंच: पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती. हे प्रमाण 80 टक्क्यांच्या खाली असेल तर श्वासनळ्या अरुंद झाल्याचा संशय येतो. आणि औषधानंतर पहिल्या सेकंदाची हवा 12 टक्के किंवा त्याहून जास्त वाढली, तर दम्याला भक्कम पुरावा मिळाला. काही ठिकाणी श्वासातला नायट्रिक ऑक्साइडही मोजतात; श्वासनळ्यांना दम्याची सूज असली की हा वायू वाढतो. युरोपचे तज्ज्ञ त्यासाठी 25 पीपीबीचा (हवेच्या अब्ज भागांत 25 भाग) आकडा धरतात, तर ब्रिटनमध्ये 2024 पासून मुलांसाठी 35 धरतात. त्यामुळे त्या एका आकड्यावर हुरळूनही जायचं नाही, घाबरायचंही नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दमा नाही, असं होत नाही. दमा कमी-जास्त होत असतो, आणि ठणठणीत दिवशी फुंकर चांगलीच येणार. पंप चालू असला तरी आकडे सुधारलेले दिसतात, म्हणून चाचणी लवकर करून घ्या. तोवर पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारं घरगुती छोटं यंत्र) आणून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेव. दिवसभरातला फरक सरासरी 13 टक्क्यांहून जास्त निघाला, तर तोही पुरावाच.

रोजचा ओला, कफाचा खोकला, वजन न वाढणं, किंवा शेंगदाणा खाताना ठसका लागून अचानक सुरू झालेली घरघर, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना आधी ते सांग. तिथे क्षय, नळीत अडकलेला दाणा, असं दुसरंच काही शोधावं लागतं. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणून मला बरं वाटलं.

डॉक्टरांना चाचणीचं विचार. ते चिठ्ठी देतील. नाहीतर सरळ इकडे या, मी स्वतः ओंकारला बसवते. चाचणीआधी चार तास निळा पंप (सालब्युटामॉलचा) देऊ नकोस. मात्र त्याला धाप लागली, तर लगेच दे. चाचणी आपण दुसऱ्या दिवशी करू.

तुझी,
माधवी