त्या घडी घातलेल्या चिठ्ठीबद्दल, सर

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही चहा मागवून विषय बदलता. म्हणून ड्रोनच्या फोटोंवरून जमिनीचा नकाशा करायला शिकवल्याबद्दल हे उघड पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका क्लासची भरभक्कम फी भरली होती. ड्रोन उचला, हवेत आठचा आकडा काढा, उतरवा, प्रमाणपत्र घ्या. नकाशाचं विचारलं तर उत्तर एकच, 'ते सॉफ्टवेअर करतं.' ग्वाल्हेर 78 अंश रेखांशाच्या जेमतेम पूर्वेला, म्हणून इथे यूटीएम (नकाशांसाठी पृथ्वीचे पाडलेले सहा-सहा अंशांचे उभे पट्टे) झोन 44. मुरैन्यापाशी ती रेषा ओलांडली की झोन 43. चंबळच्या बीहडांत, म्हणजे घळींच्या मुलखात, काम करणाऱ्याला हे पहिल्या दिवशी कळायला हवं. झोन चुकला तर ग्वाल्हेरचं ईस्टिंग (झोनमधलं पूर्व-पश्चिम स्थान, मीटरमध्ये) दोन लाख अठरा हजारांच्या आसपास यायचं ते आठ लाखांवर जातं. उंचीचीही तीच गत: जीपीएसची लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्याकडे पन्नासहून जास्त मीटरचा फरक आहे. फी घेताना मात्र त्यांचा हिशेब पैशाने चुकला नाही!

बीहड शिकवावं तर तुम्हीच. ड्रोन घळीच्या तळातून नाही, काठावरून उडवायचा, कारण त्याची उंची जिथून उडाला तिथून मोजली जाते. तळ 20 मीटर खोल असेल आणि तिथून 100 मीटरचं उड्डाण लावलं, तर वरच्या माळावर 80 मीटरच उरतात आणि शेजारच्या रांगांतल्या फोटोंचा 70 टक्के ओव्हरलॅप (एकमेकांवर येणारा भाग) साडेबासष्टवर घसरतो. मग काठाशीच जोड तुटते. सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला उभी दरड दिसत नाही, म्हणून कॅमेरा तिरका करून आडवी दुसरी फेरी. वेळ भर दुपारची, कारण सकाळच्या उन्हात अर्धी घळ सावलीत काळी पडते. जमिनीवरच्या खुणांच्या पाट्या, ज्यांच्या मोजलेल्या जागांवर नकाशा बसवायचा, साठ सेंटिमीटरच्या, काळ्या-पांढऱ्या. नुसत्या चुन्याची खूण उन्हात इतकी चमकते की तिचा मध्य सापडत नाही. पाट्या काठावरही हव्यात आणि तळातही. तळात आकाश कमी दिसतं, तेव्हा आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) 'फिक्स', म्हणजे पक्कं, होईपर्यंत थांबायचं, 'फ्लोट'वर, म्हणजे अंदाजी जागेवर, नोंद घ्यायची नाही.

पण खरे आभार त्या चिठ्ठीचे. पाट्यांशिवाय आणखी तीन बिंदू तुम्ही स्वतः मोजलेत आणि आकडे कागदावर लिहून, घडी घालून खिशात ठेवलेत. सॉफ्टवेअरचा अहवाल आला, चूक दोन सेंटिमीटर. तुम्ही काही न बोलता चिठ्ठी टेबलावर सरकवलीत. मधल्या बिंदूपाशी जमीन वीतभर फुगलेली निघाली. अहवालातली चूक ज्या पाट्यांवर नकाशा बसवला त्यांचीच होती. त्यांच्याशी तो जुळणारच. एकसारख्या समांतर, सरळ खाली बघणाऱ्या फोटोंत लेन्समुळे आलेला वाक गणितात नीट सुटत नाही आणि मैदान घुमटासारखं वर येतं. तिरके फोटो घातले, मधोमध एक पाटी वाढवली, फुगवटा बसला. त्या तीन बिंदूंना तुम्ही गणितात शेवटपर्यंत शिरू दिलं नाहीत.

तुम्हाला ओरडता आलं असतं. 'माझ्याशिवाय तुमचं अडतं' असंही दाखवता आलं असतं. जाणकार माणूस आपली विद्या मुठीत धरून बसतो, हे इतक्यांदा पाहिलंय की चाचणीचे आकडेच आमच्या हाती देणारा माणूस भेटल्यावर अजून काही सुचत नाही. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी वाड्यांतून असे मास्तर होते, असं घरची मोठी माणसं सांगतात. आम्हाला ते गेल्या जमान्यातले वाटायचे.

सर, पावसाआधीच्या जमिनीचा उंचीचा नकाशा तयार आहे. दसऱ्यानंतर, माळावरचं गवत वाळलं की त्याच घळीवर पुन्हा उड्डाण घेऊ, म्हणजे दोन्हींची वजाबाकी करून किती माती वाहून गेली ते काढता येईल. गवताची उंची मातीत धरली जाऊ नये म्हणून गवताळ पट्टे वेगळे काढतो आहोत. सिमेंटमध्ये पुरलेल्या खुणा जागच्या जागी आहेत. तपासाचे बिंदू या खेपेलाही तुम्हीच मोजा, आणि आम्हाला आधी दाखवू नका.

आपले,
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले विद्यार्थी