आधी खुराडे, मग कोंबडी

महोदय,

परसात चार कोंबड्या असाव्यात अशी हौस आमच्या सत्तरी तालुक्यात पुन्हा वाढू लागली आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र बहुतेक जण आधी पिल्ले आणतात आणि खुराड्याची तजवीज मागाहून करतात, हे फार चुकीचे आहे. मीही तसेच केले होते. बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी मारून मी निश्चिंत झालो आणि एका रात्रीत उदमांजराने ती फाडून बारांपैकी सात तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) मारल्या. सकाळी जाळीच्या तारेला अडकलेली तांबूस पिसे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. ती जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी अर्धा इंची वेल्डमेशच (तारा वेल्डिंगने जोडलेली मजबूत जाळी) हवी, आणि मुंगूस उकरून आत शिरू नये म्हणून ती फूटभर जमिनीत गाडलेली हवी.

दुसरा शत्रू म्हणजे आपला पाऊस. खुराडे चिऱ्यांच्या उंच जोत्यावर बांधावे, नैऋत्येची बाजू बंद ठेवावी किंवा तिथे विणलेल्या चुडतांचा आडोसा करावा, आणि पागोळ्या आत पडणार नाहीत इतके छप्पर पुढे काढावे. वारा मात्र अडवू नये. खाली घातलेला भाताचा तूस ओला राहिला की रक्ती हगवण लागलीच म्हणून समजावे. आत बसून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर श्वास घेतला असता डोळे चुरचुरले, तर तूस त्याच दिवशी बदलावा. दर कोंबडीमागे किमान दोन चौरस फूट जागा आणि पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक पेटी पुरते.

कोंबडी कोणती, हे आपल्याला काय हवे त्यावर ठरवावे. ग्रामप्रिया ही सुधारित जात गावठीपेक्षा दुपटीहून अधिक अंडी देते, पण ती सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. वनराजा ही दुसरी सुधारित जात अंगाने भरते, तरी जड असल्यामुळे तिला चटकन पळता येत नाही. घरचीच पिल्ले हवी असतील तर एकवीस दिवस निष्ठेने अंडी उबवणारी गावठीच हवी. माझे मत विचाराल तर चार ग्रामप्रिया आणि दोन गावठी यांवर सुरुवात करावी, आणि तीही चतुर्थीनंतर, पाऊस ओसरल्यावर. एक दिवसाच्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे सतत ऊब लागते आणि पावसाळ्यात वीज जाते तेव्हा ती गारठून मरतात, म्हणून नवख्याने दोन-तीन महिन्यांच्या, लस टोचलेल्या तलंगाच घ्याव्यात.

पुढे घरची पिल्ले निघाली की त्यांना राणीखेत या कोंबड्यांच्या मरीच्या रोगाची लस द्यावी लागते, आणि ही लस शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांच्या कुपीत येते. एकदा कालवली की ती दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कुपी फोडणे परवडत नाही म्हणून लस टाळली जाते आणि मग अख्ख्या वाड्यावरची (वस्तीवरची) खुराडी मरीने रिकामी होतात. वाड्यावरच्या घरांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून लसीकरणाचा एकच दिवस ठरवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, वाळपई